कपडे पुरे झाले, आता माती द्या

२२ सप्टेंबर २०२५ ला घट बसले. आमच्याकडच्या बायकांनी रीतीप्रमाणे वावरातली माती आणली, पत्रावळीवर पसरली, त्यात धान्य पेरलं. सीना नदी त्याच सुमारास चढायला लागली होती. दसऱ्याला घट उठले तेव्हा काही घरांत वावरातली म्हणावी अशी माती तेवढीच शिल्लक होती. ज्यांच्या उंबऱ्याच्या आत पाणी आलं, त्यांच्याकडे तीही नाही.

आम्ही माढा आणि परंडा तालुक्यांतल्या सीनाकाठचे शेतकरी, दोन-तीन शिक्षक, एक निवृत्त तलाठी आणि बचत गटांतल्या काही बाया, अशी साधी समिती आहोत. आमच्यात पुढारी कुणी नाही, निदान अजून तरी नाही.

पूर आला तेव्हा लोकांनी जी मदत केली ती आम्ही विसरणार नाही. गाड्या भरभरून भाकरी आल्या, पाण्याचे बॉक्स आले, जनावरांसाठी मुरघास (मुरवलेला हिरवा चारा) आला, वह्या-दप्तरं आली. कपडे तर इतके आले की एका शाळेची खोली अजून गठ्ठ्यांनी भरलेली आहे. म्हणून हात जोडून सांगतो, कपडे नकोत. पाणी ओसरलं, कॅमेरे गेले, पण वावर जिथं होतं तिथं आता गोटे आहेत. हे दुखणं आता सुरू झालंय.

शहरातल्या मंडळींना 'जमीन खरवडून गेली' म्हणजे काय ते लवकर उमगत नाही, त्यात त्यांचा दोष नाही. पीक गेलं तर एक हंगाम जातो. जमीन खरवडली की वरचा काळा थरच नदी उचलून नेते आणि खाली मुरूम उघडा पडतो. काही ठिकाणी उलटं झालंय: वावरावर वाळू-गोट्यांचा थर बसलाय आणि विहीर गाळानं काठोकाठ बुजलीय. मोटर कुठं, पाईपलाईन कुठं, ठिबकच्या नळ्या कुणाच्या बांधावरच्या बाभळीत अडकलेल्या. दावणीची जनावरं दाव्यासकट गेली, ते वेगळंच. काळी माती बेसॉल्टचा खडक झिजून बनते आणि तिचा बोटभर थर व्हायला शेकडो वर्षं लागतात. आमच्या हयातीत ती आपोआप परत येणार नाही. ती दुसरीकडून आणून टाकावी लागेल.

आता हिशेब. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावर नुसता अर्धा फूट तळ्यातला गाळ टाकायचा तर सुमारे २१८ ब्रास लागतो (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास मावतो, म्हणजे एका एकराला २१८ खेपा. खरवडलेल्या जमिनीसाठी सरकारनं हेक्टरी ४७ हजार रुपये जाहीर केले, ते एकरी १९ हजार होतात. खेपांनी भागून बघा: खेपेला ८७ रुपये. लिटरभर डिझेलसुद्धा त्यात येत नाही. रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं आहेत, ती आम्ही मागतोच आहोत आणि पाठपुरावा सोडणार नाही. पण ती कागदांच्या गतीनं येतात आणि मृग ७ जूनला निघतो.

मागच्या पिढीला पुराची धास्ती कधी नव्हती. १९७२ चा दुष्काळ इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहे, टँकर आणि चारा छावण्या तर आमच्या पोरांनीही पाहिल्यात. पुराचं गाऱ्हाणं कृष्णा-पंचगंगेच्या काठचं, आमचं पाण्याच्या वाटेकडं डोळे लावून बसण्याचं. त्यामुळं नदीला लागून घरं, गोठे, पंप, सगळं बिनधास्त बांधलेलं. आता पाऊस तोच पण पडायची तऱ्हा बदललीय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं होतं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. हवा एक अंश तापली की सात टक्के जास्त वाफ धरते आणि ती एकदमच ओतते, एवढं तरी आता आम्हाला कळतं. ती हवा तापवण्यात बटईनं, म्हणजे दुसऱ्याची जमीन पिकाच्या वाट्यावर, दोन एकर करणाऱ्याचा वाटा किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

बटईवाल्याचं मुद्दाम बोलतो. सातबारा मालकाच्या नावावर, तेव्हा पंचनामाही मालकाचा आणि पैसेही मालकाच्या खात्यात. बी-खत-औषधाची उधारी मात्र बटईवाल्याच्या नावावर. शेतमजूर बायांचा तर पंचनामाच होत नाही, कारण बुडालेल्या रोजाला कुठला रकाना नाही. यांतली काही घरं दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला गेली, जी एरवी जात नव्हती. म्हणून आम्ही ठरवलंय की गोटे वेचणं, ताली (बांध) बांधणं, विहिरी उपसणं ही कामं आधी याच घरांना द्यायची आणि रोजाचे पैसे आठवड्याच्या आठवड्याला द्यायचे. गाळ टाकायची पहिली पाळी दोन एकरांच्या आतल्या धारकांची आणि विधवांच्या नावावरच्या जमिनींची. यावर गावात थोडी कुरबुर झाली, होऊ दे.

गाळ जवळपासच्या पाझर तलावांतून आणि गावतळ्यांतून उचलायचा. यंदा ती भरलेली आहेत, म्हणून पाणी उतरेपर्यंत थांबावं लागेल. खरं काम एप्रिल-मे या दोनच महिन्यांत. तहसीलची परवानगी आणि गाळाची माती-तपासणी झाल्याशिवाय एकही ट्रॉली हलणार नाही. चोपण (खारवट, चिकट) किंवा वाळूसर गाळ वावरात टाकला तर उपकार राहू दे, नुकसान व्हायचं.

तर आम्हाला काय हवंय: डिझेल. एक खेप, दहा खेपा, जमेल तितकं. ज्यांच्याकडे जेसीबी, पोकलेन, टिपर आहे त्यांनी मशीनचे चार दिवस दिले तरी फार झालं, ऑपरेटरच्या जेवणाखाणाची आणि मुक्कामाची सोय आमची. पुण्या-मुंबईत आणि परदेशात असलेल्या आमच्याच भागातल्या पोरांनी एकेका शेतकऱ्याचा एक एकर उचलावा. घरचं खळं आठवत असेल तर जास्त सांगायला नको. शेतकी कॉलेजातले विद्यार्थी तपासणीसाठी आणि मोजणीसाठी आले तर सोनं. आणि ज्वारी, तूर, उडीद यांचं गावरान बियाणं कुणी राखून ठेवलं असेल तर पायली-दोन पायली द्या, आमचं कणगीसकट गेलं.

पैसे समितीच्या संयुक्त खात्यातच द्यायचे, रोख कुणाच्याही हातात देऊ नका, अगदी आमच्यातल्या कुणी मागितले तरी. खात्याचा तपशील सोबतच्या पत्रकात आहे. कुठल्या तळ्यातून किती खेपा कुणाच्या गटात पडल्या याची वही दर सोमवारी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल आणि तिचा फोटो देणाऱ्यांना पाठवला जाईल.

टिपर घेऊन येणाऱ्यांनी निघण्यापूर्वी एक निरोप द्या. नदीकडच्या पुलाचा भराव अजून पक्का झालेला नाही, भरलेली गाडी तिकडून घालू नका. वरच्या रस्त्यानं वळवायला आमचा माणूस फाट्यावर उभा राहील.