ताई, तुम्ही आम्हाला पिल्लू दिलं नाहीत, त्याबद्दल

प्रिय ताई,

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. ठाण्यातल्या आपल्या भागात ते ठाऊक नसलेलं माणूस विरळाच. पण नाव-पत्ता एकदा व्हॉट्सअॅपवर फिरला की सकाळी उंबऱ्यात खोकं आणि खोक्यात डोळेही न उघडलेली कुत्र्याची पिल्लं, हे तुम्ही भोगलेलं आहे. आणखी एका खोक्याला माझं पत्र कारण व्हायला नको. ज्यांना ओळखायचं ते तुम्हाला ओळखतीलच.

२०२५ चा ऑगस्ट आठवतो ना? ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली रस्त्यावरची कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायचा आदेश दिला आणि इथे आपल्या सोसायट्यांतही सरळ दोन तट पडले. २२ तारखेला तो आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक तेवढी वगळा, असं न्यायालय म्हणालं. कोणाला दत्तक घ्यायचं असेल तर पालिकेकडे अर्ज करता येईल, मात्र घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, हेही त्यात होतं. पाठोपाठ २६ ऑगस्टचा श्वान दिन. त्या आठवड्यातल्या तुमच्या दत्तक शिबिराला पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो हळवा झालेला, जो तो पिल्लू मागत होता. आम्हीही त्याच रांगेत होतो.

तुमच्या टेबलावर फॉर्म होता. घर स्वतःचं की भाड्याचं, भाड्याचं असल्यास मालकाचं पत्र आहे का, इथवर ठीक होतं. पुढचे प्रश्न मात्र कुठल्याही छापील फॉर्मात नसतात. बदली झाली तर? घरात बाळ आलं तर? गणपतीला गावाला जाता का, आणि जाता तेव्हा याला कोण बघणार? आमच्यासारख्या कोकणातल्या घरात शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि तो तुम्ही बरोबर हेरला होता.

आमचा फॉर्म वाचून तुम्ही मान वर केलीत आणि म्हणालात, "तुम्ही दोघं सकाळी आठला घर सोडता. घरी सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसातून चारदा खातं, तासा-दोन तासाला शू करतं, पायांत घुटमळतं. त्या ओल्या फरशीवर घसरल्या तर पिल्लू आठवड्यात माझ्याकडे परत येईल. मी तुम्हाला पिल्लू देणार नाही."

मागे रांग ताटकळत होती. हो म्हणून मोकळं होणं सोपं होतं. शिबिराच्या फोटोत आमचं हसरं कुटुंब आलं असतं, "आज इतकी पिल्लं घरी गेली" या आकड्यात एकाची भर पडली असती. तुम्ही तो आकडा वाढू दिला नाहीत. आभार मानायला बसले तेव्हा सगळ्यात आधी हेच आठवलं.

मग तुम्ही आम्हाला मांडवाच्या मागच्या बाजूला नेलंत. तिथे सखू होती. काळीभोर, तीन-चार वर्षांची, नसबंदीचं ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून कानाला खाच. नाव टपरीवाल्या काकांनी ठेवलेलं. टपरी उठली, काका गावी गेले आणि सखू त्याच कोपऱ्यावर बसून राहिली. पुढे गोचीडतापाने हिरड्या पांढऱ्याफटक पडलेल्या, उभीही राहीना, अशा अवस्थेत तुम्ही तिला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात, जनावरांच्या दवाखान्यात, नेलंत. तिथून बरी होऊन आली ती तुमच्याच घरी. कितीतरी शिबिरांत ती बसून होती. "काळी आहे हो", "मादी नको", "एवढी मोठी आता कसली लळा लावणार" ही वाक्यं तुम्ही इतक्यांदा ऐकली होतीत की आमच्या तोंडून ती येतात का, हे बघत तुम्ही गप्प उभ्या होतात. सासूबाई खाली वाकल्या. सखूने त्यांच्या काठीचा वास घेतला आणि काठीशेजारीच बसली.

तरीही त्या दिवशी तुम्ही तिला दिली नाहीत. आधी घर बघायला आलात. मुलगी द्यायची असल्यासारखी तुमची चौकशी! बाल्कनीच्या ग्रिलमधली फट हाताने मोजलीत, दाराची कडी लावून पाहिलीत. चहा नको म्हणालात आणि सासूबाईंना घेऊन स्वयंपाकघरात गेलात. मुलगा-सुनेपुढे सासू नाही म्हणत नाही, म्हणून वेगळं विचारायचं असतं, हे तुम्ही मला खूप नंतर सांगितलंत. आत काय बोलणं झालं ते दोघींनाच ठाऊक. बाहेर आल्यावर मात्र तुम्ही चहा घेतलात.

पहिले दिवस सखू वॉशिंग मशीनच्या मागे होती. नुसतं शेपूट दिसायचं, तेही पायांत दाबलेलं. तुमचा रोज फोन. तिला ओढू नका, डोक्यावर हात फिरवायला जाऊ नका, डोळ्यांत बघू नका. पाठ करून खाली बसा आणि पेपर मोठ्याने वाचा, आवाजाची सवय होऊ दे. दुपारी सासूबाई खुर्ची ओढून बसायच्या आणि वर्तमानपत्रातलं राशिभविष्य बाराच्या बारा राशींचं वाचून दाखवायच्या. अशाच एका दुपारी कन्या की तूळ चालू असताना मशीनमागून नाक बाहेर आलं, मग एक पंजा, मग सगळी सखू. सासूबाईंनी वाचन थांबवलं नाही, कारण तुम्ही बजावलं होतंत. मीन राशीपर्यंत ती त्यांच्या पावलांवर हनुवटी टेकून पडली होती. मला ऑफिसात फोन आला तेव्हा त्यांचा आवाज कापत होता.

तीन दिवस बावरलेपण, तीन आठवड्यांत घराची रीत, तीन महिन्यांत घर आपलं वाटणं, असा एक ढोबळ हिशोब तुम्ही सांगितला होता. सखूने जास्त वेळ घेतला. लिफ्टचं स्टीलचं दार तिला अजूनही आवडत नाही. तुम्ही म्हणालात, मग जिने उतरा, घाई कोणाला आहे.

दिवाळीचं तर तुम्ही आधीच समजावून ठेवलं होतंत. धनत्रयोदशीपासून अंधार पडायच्या आत फिरवून आणायचं, खिडक्या बंद, पंखा मोठा, टेबलावरून जुनी गोधडी खाली सोडून तिला आडोसा करायचा. आणि पट्ट्याला फोन नंबरचा बिल्ला हवाच, कारण फटाक्याला घाबरून पळालेलं कुत्रं वाट चुकतं. त्या बिल्ल्यावर आमच्या नंबराखाली तुमचाही नंबर आहे.

लोकांना तुमचं एवढंच काम दिसतं. मला आणखी एक बघायला मिळालं. आमच्याच सोसायटीत एका मुलाला बाहेरचं कुत्रं चावलं आणि त्याची आई संतापून कमिटीत आली. कुत्र्यांची बाजू घ्यायला तुम्ही याल असं सगळ्यांना वाटलं होतं. तुम्ही आलात आणि त्या आईशेजारी बसलात. जखमेवर हळद-चुना काही न लावता साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, मग थेट दवाखाना आणि इंजेक्शनं एकही न चुकवता पूर्ण करायची, हे तिला समजावलंत. लक्षणं दिसू लागली की रेबीजवर जवळजवळ उपाय उरत नाही आणि वेळेवर लस घेतली तर तो पुरता टाळता येतो, हेही आडपडदा न ठेवता सांगितलंत. पुढच्या इंजेक्शनला तिच्यासोबत रिक्षाने गेलात. २८ सप्टेंबरला, म्हणजे लुई पाश्चरच्या स्मृतिदिनी पाळल्या जाणाऱ्या रेबीज दिनाला, आमच्या आवारात लसीकरण झालं तेव्हा मुलांना रांगेत उभं करायला तीच आई पुढे होती.

कमिटीशीही तुम्ही भांडला नाहीत. पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना, पाळीव प्राण्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही हे सांगणाऱ्या, प्रिंट काढून ठेवल्यात. शेजारी २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम. खायला घालण्याची जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब असावी असं त्यातच लिहिलेलं आहे, ते तुम्ही स्वतः वाचून दाखवलंत. ज्यांना कुत्र्याची भीती वाटते त्यांचाही विचार नियमात आहे, हे ऐकल्यावर खोलीतला आवाज खाली आला. आता पंपाच्या खोलीमागे ठरलेली जागा आहे आणि वाडगे धुवायची पाळी सहा घरांत वाटलेली आहे.

भाद्रपद सरला की कार्तिकात तुमच्याकडे पिल्लांचा लोंढा येतो. पार्वो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार, झालेलं एखादं, सलाईन लावून रात्रभर मांडीवर घेतलेलं, पहाटे जातं आणि आठ वाजता तुम्ही नसबंदीच्या गाडीची वाट बघत रस्त्यावर उभ्या असता. एका मादीला वर्षातून दोनदा पिल्लं होऊ शकतात. ऑपरेशनं थांबली तर दत्तक शिबिरं कितीही भरवली तरी पुरी पडणार नाहीत, हे तुमचं म्हणणं मी आता ऑफिसात, ट्रेनमध्ये, लग्नाच्या पंगतीत जिथे विषय निघेल तिथे सांगते. आणि पिल्लू हवं म्हणणाऱ्याला विचारते, घरी दिवसभर कोण असतं?

सखूचा लसीचा बूस्टर झाला, कार्डाचा फोटो तुम्हाला पाठवला आहे. वजन वाढलंय, डॉक्टर भात कमी करा म्हणतात, सासूबाई ऐकत नाहीत. त्यांना तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतील. गणपतीला सखू आमच्यासोबत गाडीने देवगडला येते आहे. दीर आणि जाऊबाईंना तुमच्या फॉर्ममधले प्रश्न आधीच विचारून झाले आहेत, अंगणाला कुंपणही झालंय. पुढच्या श्वान दिनाच्या शिबिरात फॉर्म तपासायला टेबलावर मी बसेन, तुम्ही त्या वेळात जेवून घ्या. सासूबाई मागच्या बाजूला मोठ्या कुत्र्यांजवळ खुर्ची टाकून बसणार आहेत, पेपर घेऊन.

मनापासून आभार, ताई.

तुमची,
सखूच्या घरची