आयोच्या नावातील योगायोग आणि योजना

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत गुरूच्या आयो या चंद्रावर प्रसिद्ध झालेला लेख आवडीने वाचला. गुरूकडे पाठवलेल्या नासाच्या जुनो यानाने टिपलेले छायाचित्र आणि त्याच्या शेजारी कोरेज्जो या इटालियन चित्रकाराचे ‘ज्युपिटर आणि आयो’ हे चित्र, ही मांडणी सुरेख होती आणि शास्त्रीय माहितीही नेमकी होती. मात्र लेखाच्या अखेरीस लेखकाने असे सुचवले आहे की, ग्रीक पुराणात जिला क्षणभरही स्वस्थता लाभली नाही तिचेच नाव सूर्यमालेतील सर्वांत अस्वस्थ गोलाला मिळाले, यामागे प्राचीनांची काही अंतर्दृष्टी असावी. या विधानाला माझा आक्षेप आहे, आणि तो थोडा विस्ताराने मांडण्याची परवानगी असावी. आयोच्या बाबतीत पुराण, चित्रकला आणि खगोलशास्त्र यांचे धागे खरोखरच एकमेकांत गुंतले आहेत. पण त्यांतील काही गाठी आपोआप पडल्या आहेत आणि काही माणसांनी समजूनउमजून मारल्या आहेत. दोन्ही प्रकारच्या गाठी एकाच मापाने मोजल्या, तर ज्यांनी खरोखर विचार करून नावे दिली त्यांचे श्रेय अज्ञात प्राचीनांच्या पदरात पडते.

प्रथम नामकरणाविषयी. ७ जानेवारी १६१० च्या रात्री पादुआ येथे गॅलिलिओने गुरूजवळ तीन ठिपके पाहिले. त्या रात्री आयो आणि युरोपा हे चंद्र इतके जवळ होते की त्याच्या दुर्बिणीतून ते एकच दिसले. दुसऱ्या रात्री ते वेगळे झाले आणि आठवडाभरात चौथाही सापडला. गॅलिलिओने या चौघांना आपल्या संभाव्य आश्रयदात्यांच्या, म्हणजे मेदिची घराण्याच्या, चरणी वाहिले. पुराणाशी त्याला काही कर्तव्य नव्हते. आज प्रचलित असलेली नावे सायमन मारियस या जर्मन खगोलनिरीक्षकाने १६१४ मध्ये छापली, आणि ही कल्पना आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये रेगेन्सबर्गच्या जत्रेत भेटलेल्या केप्लरने सुचवली, हे त्याने प्रामाणिकपणे नमूद केले. त्याबद्दल केप्लरला त्याने थट्टेने या ताऱ्यांचा सहपालकही म्हटले आहे. गुरू म्हणजे ज्युपिटर, आणि ज्युपिटर ज्यांच्या मागे लागला त्या पात्रांची नावे त्याच्याभोवती फिरणाऱ्यांना द्यावीत, एवढाच त्यामागचा विचार. आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो या चौघांची नावे मारियसने एका लॅटिन पद्यात गुंफली, त्यात आयो पहिली आली आणि सर्वांत आतल्या चंद्राला तिचे नाव लागले. त्या चंद्रावर काय आहे हे तेव्हा पृथ्वीवर कोणालाही माहीत असणे शक्य नव्हते, कारण तो केवळ एक प्रकाशाचा ठिपका होता. शिवाय नाव देणारे सतराव्या शतकातले जर्मन होते. प्राचीन ग्रीकांचा या चंद्राशी संबंध फक्त त्यांच्या कथेपुरता.

मारियसच्या वाट्याला त्याचे फळ आले नाही. गॅलिलिओने १६२३ मध्ये त्याच्यावर चौर्याचा जाहीर आरोप केला आणि त्याने दिलेली नावेही त्याच्यासोबत दीर्घकाळ बाजूला पडली. खगोलशास्त्रज्ञ शतकानुशतके ‘गुरूचा पहिला उपग्रह’, ‘दुसरा उपग्रह’ असेच म्हणत राहिले. ओले रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने पॅरिसच्या वेधशाळेत ज्या चंद्राच्या ग्रहणांच्या वेळा मोजून १६७६ मध्ये प्रकाशाला वेग असतो हे दाखवले, तो हाच पहिला उपग्रह. पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना ग्रहणे उशिरा घडताना दिसतात हे ताडून, ९ नोव्हेंबरचे ग्रहण सुमारे दहा मिनिटे उशिरा दिसेल असे त्याने आधीच जाहीर केले होते. म्हणजे विज्ञानाला या चंद्राने दिलेली पहिली मोठी देणगी तो नुसता क्रमांक असतानाची आहे. पुढे १८९२ मध्ये बार्नार्ड या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने आयोच्याही आत फिरणारा पाचवा चंद्र शोधला आणि अंतराप्रमाणे लावलेल्या क्रमांकांची घडी विस्कटली. विसाव्या शतकात चंद्रांची संख्या वाढत गेली, तेव्हा मारियसची नावे सोयीची म्हणून रुळली. अंतर्दृष्टीपेक्षा गैरसोयीनेच ती परत आणली, असे मला वाटते.

आता अस्वस्थतेविषयी, कारण आक्षेपाचा गाभा तिथे आहे. आयो आपल्या चंद्राहून किंचित मोठा असून त्याचा व्यास सुमारे ३,६४० किलोमीटर आहे. तो गुरूपासून साधारण ४,२२,००० किलोमीटरवर, म्हणजे आपला चंद्र पृथ्वीपासून जितका दूर आहे त्याहून थोड्याच अधिक अंतरावर फिरतो. पण गुरूच्या प्रचंड वस्तुमानामुळे त्याची एक फेरी अवघ्या साडेबेचाळीस तासांत पूर्ण होते. तेवढ्यात युरोपाची अर्धी आणि गॅनिमीडची पाव फेरी होते. हे प्रमाण कायम राहत असल्याने हे शेजारी आयोला ठराविक लयीत ओढत राहतात आणि त्याची कक्षा पूर्ण वर्तुळाकार होऊ देत नाहीत. परिणामी आयो कधी गुरूच्या थोडा जवळ, कधी थोडा दूर असतो, गुरूची ओढ कमीजास्त होते आणि घट्ट खडकाचा त्याचा पृष्ठभाग शंभर मीटरपर्यंत वर-खाली होतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की वाकलेल्या जागी गरम होते, तसाच हा प्रकार. या घर्षणाच्या उष्णतेवर आयोचे चारशेहून अधिक ज्वालामुखी पेटलेले आहेत.

हे सारे स्टॅन्टन पील, पॅट्रिक कॅसन आणि रे रेनॉल्ड्स या तिघांनी गणिताने मांडले. आयोचा अंतर्भाग वितळलेला असावा आणि तिथे व्यापक ज्वालामुखी असू शकतील, असे भाकीत करणारा त्यांचा निबंध २ मार्च १९७९ रोजी प्रसिद्ध झाला. व्हॉयेजर-१ यान गुरूजवळ पोचले ५ मार्चला. ८ मार्चला यानाने मागे वळून घेतलेल्या, मार्गनिश्चितीसाठी मुद्दाम जास्त उजेड येऊ दिलेल्या एका छायाचित्रात लिंडा मोराबितो या अभियंतीला आयोच्या कडेबाहेर छत्रीसारखा फुगवटा दिसला. तो अडीचशे किलोमीटरहून उंच उसळलेल्या उद्रेकाचा होता. पृथ्वीबाहेर चालू ज्वालामुखी प्रथमच पाहिला गेला. आयोची अस्वस्थता आधी कोणाला कळली असेल, तर ती या तिघांना. त्यांनी आपले विधान चुकीचे ठरण्याची पूर्ण संधी देऊन, यान पोचण्याआधी छापून टाकले होते. अंतर्दृष्टी हा शब्द वापरायचाच असेल तर तो इथे वापरावा.

चित्रकलेच्या बाजूनेही थोडी चिकित्सा हवी. ओव्हिडने आपल्या ‘मेटामॉर्फोसिस’च्या पहिल्या भागात सांगितलेली कथा अशी: इनाकस या नदीदेवाची कन्या आयो ज्युपिटरपासून पळत सुटते, तो भूमीवर काळोखा ढग पसरतो, तिला अडवतो आणि तिच्यावर बळजबरी करतो. पत्नी जुनो हिला भर दिवसा ढग दाटल्याचा संशय येतो, ती खाली उतरते, तोवर ज्युपिटरने आयोची शुभ्र गाय केलेली असते. पुढे शंभर डोळ्यांच्या आर्गसचा पहारा, मर्क्युरीच्या हातून त्याचा वध, गायीची देशोदेशीची फरफट आणि अखेर इजिप्तमध्ये मूळ रूपाची प्राप्ती. या कथेतील मला सर्वांत हृद्य वाटणारा क्षण चित्रकारांनी क्वचितच हाती घेतला आहे: बोलता न येणारी गाय खुराने धुळीत अक्षरे काढते आणि बाप आपली लेक ओळखतो.

कोरेज्जोने १५३० च्या सुमारास मांतुआच्या फेदेरिको गोन्झागासाठी रंगवलेले आणि आज व्हिएन्नाच्या कला-इतिहास संग्रहालयात असलेले चित्र या कथेपासून बरेच दूर गेले आहे. त्यातील आयो पळत नाही. धुरकट ढगाच्या पंजाने वेढलेली ती मान मागे टाकून डोळे मिटते, आणि ढगातून ज्युपिटरचा चेहरा जेमतेम उमटतो. रंगलेपनाचे कौशल्य अतुलनीय, यात शंका नाही. पण या चित्राखाली आपण ‘आयोची कथा’ एवढेच लिहिले आहे, त्यामुळे कथेतही ती राजीखुशी होती असा वाचकाचा समज होईल. तो अर्थ दरबारी अभिरुचीचा आहे, ओव्हिडचा नाही.

कथेशी अधिक इमान राखणारे चित्र पीटर लास्टमनचे आहे. १६१८ सालचे हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात मोरांसह जुनो आकाशातून उतरते आहे आणि खाली ओशाळलेला ज्युपिटर, मदनाच्या व मुखवटाधारी कपटाच्या साहाय्याने, एका भल्यामोठ्या गायीवर कापड ओढण्याच्या खटपटीत आहे. देवाधिदेवाची अशी फजिती फार थोड्यांनी रंगवली असेल. रूबेन्सने कथेचा पुढचा भाग, म्हणजे मेलेल्या आर्गसचे डोळे मोराच्या पिसाऱ्यात बसवणारी जुनो, साधारण १६१० मध्ये रंगवली. गॅलिलिओच्या शोधाचे ते वर्ष. तरी या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही.

असे योगायोग मोजू लागलो तर संपणार नाहीत, आणि ते मनोरंजकही आहेत. आयोला इजिप्तमध्ये आयसिस देवी सामावून घेते, हा प्रसंग पॉम्पेईच्या आयसिस मंदिराच्या भिंतीवर रंगवलेला होता. तो व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडला गेला म्हणून टिकला आणि आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ज्वालामुखीने जपलेली आयो, आणि ज्वालामुखींनी भरलेली आयो! कोरेज्जोच्या चित्रात ज्युपिटर ढग होऊन आयोला वेढतो. प्रत्यक्षात आयोच दर सेकंदाला सुमारे एक टन द्रव्य अवकाशात गमावतो आणि त्याचा विद्युतभारित ढग वलय होऊन गुरूभोवती पसरतो. कल्पना करायला हे छान आहे. पण कोरेज्जो १५३४ मध्ये वारला, दुर्बीण आकाशाकडे वळण्याच्या पाऊण शतक आधी. जे जुळले ते आपण मागाहून जुळवले आहे, आणि जे जुळले नाही ते सोयीस्करपणे वगळले आहे. याच पद्धतीने युरोपा या बर्फाळ चंद्राच्या कवचाखालील समुद्र तिच्या समुद्रमार्गे झालेल्या अपहरणाशी जोडता येईल. पण खडक आणि बर्फाच्या गॅनिमीडचा, पुराणात देवांना मद्य वाढणाऱ्या गॅनिमीडच्या मद्यपात्राशी काय मेळ घालणार?

याउलट १९७९ नंतरचे नामकरण पाहावे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने आयोवरील ठिकाणांसाठी रीतसर नियम केले. ज्वालामुखींना अग्नी, सूर्य, वीज यांच्या देवतांची आणि पुराणांतील लोहारांची नावे, तर इतर भूरूपांना आयोच्या कथेतील स्थळांची. म्हणून तिथे पेले आणि लोकी आहेत, गायीने ओलांडलेल्या सामुद्रधुनीची आठवण देणारा बॉस्फरस नावाचा प्रदेश आहे, आणि सुमारे साडेसतरा किलोमीटर उंचीचा बोओसाउले हा पर्वत आहे. त्याचे नाव आयोने ज्या गुहेत एपाफसला जन्म दिला असे मानतात तिचे. वेदांतील शिल्पकार त्वष्टा याचेही नाव तिथल्या एका ज्वालामुखीसमूहाला दिलेले आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये प्लूटोकडे निघालेल्या न्यू होरायझन्स यानाने त्याचाच तीनशे किलोमीटरहून उंच उसळलेला फवारा टिपला. प्रॉमिथिअस नावाचा ज्वालामुखी तर खास उल्लेखनीय. एस्किलसच्या नावावर असलेल्या नाटकात खडकाला जखडलेला प्रॉमिथिअस भटकणाऱ्या आयोला तिचा पुढचा प्रवास सांगतो, हे नाव निवडणाऱ्यांना नक्कीच ठाऊक असणार. त्यांना ठाऊक नसलेली गोष्ट गॅलिलिओ यानाने १९९६ मध्ये दाखवली: मधल्या सतरा वर्षांत या ज्वालामुखीचा फवारा सुमारे ८० किलोमीटर पश्चिमेला सरकला होता. आयोवर भटकतो तो प्रॉमिथिअस.

जुनो यानाची गोष्ट या दोन प्रकारांच्या मधली आहे. ढगांआडचा पती जिने ओळखला तिचे नाव, गुरूच्या ढगांखाली काय आहे ते पाहण्यासाठी पाठवलेल्या यानाला नासाने विचारपूर्वक दिले. २०११ मध्ये निघालेले हे यान २०१६ मध्ये गुरूजवळ पोचले. पण आयोची जवळून भेट मूळ मोहिमेत नव्हती. ती मोहीम २०२१ मध्ये संपल्यावर मुदतवाढ मिळाली, कक्षा बदलत गेली आणि ३० डिसेंबर २०२३ व ३ फेब्रुवारी २०२४ रोजी यान आयोपासून सुमारे १,५०० किलोमीटरवरून गेले. त्या वेळच्या गुरुत्वाकर्षणाच्या मापनांवरून, आयोच्या कवचाखाली सर्वदूर पसरलेला उथळ शिलारसाचा महासागर नाही, असा निष्कर्ष २०२४ च्या अखेरीस जाहीर झाला. आपल्या लेखातील ‘आतून संपूर्ण वितळलेला’ हे शब्द त्यामुळे दुरुस्त करावेत, ही विनंती.

दुसरी विनंती मांडणीविषयी आहे. जुनोने घेतलेल्या छायाचित्राशेजारी पुढील वेळी कोरेज्जोऐवजी लास्टमनचे चित्र छापावे, कारण त्यात जुनो आणि आयो समोरासमोर आहेत. आणि लेखात केप्लर-मारियसचा उल्लेख एका ओळीने तरी यावा.

कळावे.

आपला विश्वासू,
पुरवणीचा एक नियमित वाचक