फोन बिघडला नव्हता

साव पाउलो, ब्राझील, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

पत्र बघून घाबरू नका, मी धडधाकट आहे. बाबांना फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं, आई, तू पदरचं घालून सांगतेस. म्हणून या खेपेला लिहूनच पाठवते आहे. दादा मोठ्या अक्षरांत छापून आणेल.

आधी कबुलीजबाब. मार्चमध्ये माझा फोन 'बिघडला' म्हणून आपलं तीन दिवस बोलणं झालं नव्हतं. तो बिघडला नव्हता, चोरीला गेला होता. पाउलिस्ता नावाच्या इथल्या मोठ्या रस्त्यावर सिग्नलला उभी राहून मी नकाशा बघत होते. मागून सायकलवर एक पोरगा आला आणि कैरी तोडावी तसा हातातून फोन तोडून गेला. खरचटलंसुद्धा नाही. मी मात्र फोन धरल्यासारखा हात पुढे करून तशीच उभी.

शेजारी एक बाई गाडीवर उकडलेली कणसं विकत होत्या. त्यांनी मला आपल्या स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, "मिन्या फिल्या, मिन्या फिल्या" म्हणत पाठीवरून हात फिरवला. म्हणजे "माझी पोर". मग स्वतःचा फोन पुढे केला, घरी लाव म्हणाल्या. मला पाठ असलेला एकच नंबर, बाबांचा. संध्याकाळचे सहा वाजले होते, म्हणजे कराडात रात्रीचे अडीच. नाही लावला. त्यांना म्हटलं, झोपलेत सगळे.

पुढचं सगळं बरोबर राहणाऱ्या मुलींनी निभावलं. बँकेचं बंद केलं, पोलिसांत ऑनलाइन तक्रार टाकली. फोन काही परत मिळाला नाही. आता इथल्या रीतीप्रमाणे दोन फोन बाळगते. रस्त्यात काढायच्या जुन्या डबड्याला इथे लोक सरळ 'चोराचा फोन' म्हणतात! पाउलिस्तावर जाणं मी सोडलेलं नाही. रविवारी तो रस्ता गाड्यांना बंद असतो, पोरंटोरं सायकली चालवतात, म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसतात. कणीसवाल्या मावशी दिसल्या की एक कणीस घेतेच.

बाबा, फीचं आता पुन्हा विचारू नका. खरंच शून्य आहे, मी काही लपवत नाही. हे राज्य सरकारचं विद्यापीठ आहे, 1934 सालचं, आणि परदेशी मुलांनाही इथे फी नाही. शिष्यवृत्तीतून खोलीचं भाडं जातं. जेवण विद्यापीठाच्या खानावळीत, 2 रेआइसला, म्हणजे तीस-पस्तीस रुपयांत. रोज भात आणि घेवडा. आपल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्यासारखाच पट्ट्यापट्ट्यांचा, फक्त लसूण आणि तमालपत्र घालून शिजवलेला, तिखटाचा पत्ता नाही. मांस नको म्हटलं की सोयाबीन मिळतं. बाहेर मात्र जपून. "मांस नको" सांगूनही एकदा हॅम आलं, कारण काउंटरवरच्या पोराच्या हिशेबात ते मांसच नव्हे.

आई, तुझ्या साबुदाण्याचा कंद मूळचा इकडचाच. आमच्या गल्लीत गुरुवारी रस्ता अडवून बाजार भरतो. तिथे एक काका कोरड्या तव्यावर त्या कंदाचं ओलसर पांढरं पीठ चाळणीतून पाडतात. तेल नाही, पाणी नाही, मिनिटभरात कण एकमेकांना धरतात आणि आपोआप पोळी होते. आषाढीला मी तीच खाल्ली, ओलं खोबरं भरून. उपवास मोडला म्हणू नकोस, साबुदाणा चालतो तर ही का नाही? पलीकडेच उसाचा रस. चरकाला घुंगरं नाहीत, एवढंच. आणि गंमत बघ, 'अननस' हा शब्द पोर्तुगीजांनी याच खंडातून उचलून आपल्याकडे आणला, पण इथे अननस मागितला तर कुणाला कळेना. इथे तो 'आबाकाशी'.

आषाढात इथे थंडी. घरं उबदार ठेवायची काही सोय नसते, मोजे घालूनच झोपते. अंघोळीचं पाणी शॉवरच्या तोंडाशीच विजेवर तापतं, वायरी डोक्यावर लोंबतात. पहिला आठवडा मी बादली घेऊनच न्हायले. सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे खोली बघताना उत्तरेची खिडकी बघायची असते, हे मला नंतर कळलं. माझी दक्षिणेला. कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. तुमच्या वास्तुशास्त्राने यावर काय सांगितलंय, बाबा?

आई नातेवाइकांना मी "सापांच्या कॉलेजात" आहे असं सांगते, हे दादाने सांगितलं. अगदीच चूक नाही. आमच्या विद्यापीठाला लागूनच बुतांतां ही सर्पदंशावरची लस बनवणारी संस्था आहे, 1901 सालची. नागाच्या विषावर युरोपात तयार झालेली लस इथल्या जाराराका सापावर चालत नाही, हे तिथल्या व्हितल ब्राझील नावाच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. ज्या सापाचं विष, त्यावरचीच लस लागते. तेव्हा मामाच्या उसातल्या घोणशीसाठी इथून काही आणता येणार नाही, त्याला सांग.

आता तुमची पाळी. मागच्या रविवारी व्हिडिओत कपाटाच्या कडेला काठी दिसली. आजोबांची काठी माळ्यावर होती ना? ती खाली कशाला आली? विचारलं तर आईने कॅमेरा एकदम तुळशीकडे वळवला. बाबा कुठे पडले, कधी पडले, डॉक्टर काय म्हणाले, सगळं लिहा. रिपोर्टचा फोटो पाठवा, दोन्ही पानांचा. आणि असं काही झालं तर वेळ बघत बसू नका. तुमच्याकडे मध्यरात्र असते तेव्हा मी अजून प्रयोगशाळेतच असते.

तुमची,
चिमी

ता. क. दादा, हे वाचून दाखवताना फोनचं सगळ्यात शेवटी वाच.