अंगठीला पट्टी बांधणाऱ्या काकांना

काका,

हे आभार तुमच्यासमोर उभं राहून मानायला गेले तर तुम्ही "चल, चहा ठेव" म्हणून विषय संपवाल. मागच्या रविवारी तसंच झालं. म्हणून लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. आपल्या इंदूरच्या रामबागेतल्या लोकांना तरी कळू दे की मागच्या गल्लीत कोण राहतं.

बाबांना जाऊन सव्वा वर्ष झालं. त्यांची पद्मिनी तेव्हापासून पत्र्याच्या शेडखाली उभी होती. 1986 ची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, गिअर स्टीअरिंगच्या दांड्याला. तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची, आणि ती वाट बाबांनी पाहिली होती. मला दवाखान्यातून घरी आणलं ते ह्याच गाडीतून. 2002 मध्ये त्यांनी तिला पुन्हा तसाच लाल रंग मारून घेतला, त्यानंतर मात्र हात लावू दिला नाही कुणाला. दर रविवारी जुन्या धोतराच्या फडक्याने स्वतः पुसायचे.

ते गेल्यावर पुसणारं कुणी राहिलं नाही. लाल रंगावर पांढरट पूड धरली, बोट फिरवलं की बोटाला लागायची. आई एकदा म्हणाली, "ह्यांच्या गाडीतून खजराण्याच्या गणपतीला जाऊन येऊ गं." मी हो म्हटलं, आणि तेवढ्यात रंगपंचमी आली. गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, पाहून परतणाऱ्या पोरांनी फाटकातून हिरवा पक्का रंग बोनेटवर मारला. सणाचा दिवस, पोरांवर राग नाही. पण तो रंग धुऊन निघेना.

मग मी ती चूक केली. शहरातल्या एका चकाचक, काचेच्या दुकानात गाडी नेली. त्याचं नाव घेणार नाही. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतली, चौदा हजार रुपये घेतले आणि तीन वर्षं चमक टिकेल असं छापलेलं कार्ड हातात दिलं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली गाडी अशी दिसली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या धुण्यानंतर दुपारच्या उन्हात पाहिली, तर सगळ्या बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल वर्तुळं. पांढरटपणा परत आलेला, हिरवा डाग आतून डोकावतोय, आणि बोनेटच्या मधल्या धारेवर बोटभर लांबीचा राखाडी पट्टा. मशीन धारेवर दाबून धरलं होतं, रंग जळून खालचा प्रायमर उघडा पडला होता. जाब विचारायला गेले तर काउंटरवरच्या मुलाने मोबाइलवरून मान वर न करता सांगितलं, "पुरानी गाड़ी है मैडम, इतना तो होता है।"

चौदा हजार गेले ते गेले. पण बाबांच्या गाडीला "इतना तो होता है" म्हटलेलं मला आजही सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी त्या पट्ट्यावर हात ठेवून उभी होते तेव्हा तुम्ही फिरायला निघाला होतात. आपली ओळख मान हलवण्याइतकीच. तुम्ही थांबलात, चष्मा कपाळावर चढवलात आणि बोनेटला हात न लावता नुसतं तिरकं पाहिलंत. "मशीन कुणी फिरवलं ह्याच्यावर?" एवढंच विचारलंत. माझ्याकडून उत्तर येईना, तेव्हा म्हणालात, "चाळीस वर्षं डेंटिंग-पेंटिंगच केलं मी. चार सकाळी दे मला. ऊन चढायच्या आत जेवढं होईल तेवढं करू."

पहिल्या सकाळी तुम्ही पिशवी ओट्यावर ठेवलीत, मनगटावरचं घड्याळ काढलंत, कमरेचा पट्टा काढून गुंडाळून ठेवलात. मला कळेना हे काय चाललंय. मग तुम्ही उजव्या हातातली पोवळ्याची अंगठी ओढायला लागलात. ती निघेना. सांधे सुजलेले. तुम्ही साबण मागितलात, नळाखाली खूप वेळ फिरवत राहिलात, बोट लालबुंद झालं. मी म्हटलं, काका, राहू द्या ना. तुम्ही म्हणालात, "राहू कशी देऊ? खडा लागला तर ओरखडा जाईल." शेवटी पिशवीतून सुती कापडाची चिंधी काढलीत, अंगठीभोवती दोन वेढे दिलेत, वरून चिकटपट्टी लावलीत आणि ती गुळगुळीत झाली का हे आधी स्वतःच्या गालावर घासून पाहिलंत.

काका, तुमच्या हाताने गाडी चकाकली त्याचे आभार मानायचेच आहेत. पण मी आयुष्यभर लक्षात ठेवीन ती ही चिंधी. चारही सकाळी तुम्ही ती नव्याने बांधलीत. त्या दुकानातली पोरं जीन्सच्या बटणांसकट बोनेटवर ओणवी झालेली मी पाहिली होती, तेव्हा मला त्याचा अर्थही कळला नव्हता. ज्या गाडीला जाणत्या लोकांनी भंगार ठरवलं होतं, तिला आणखी एक ओरखडा पडू नये म्हणून एक सत्तरी ओलांडलेला माणूस सुजलेलं बोट साबणाने चोळत होता. बाबा गेल्यानंतर त्यांच्या वस्तूंकडे इतक्या आदराने पाहणारं घराबाहेरचं कुणी मला भेटलं नव्हतं.

काम कसं केलंत ते सगळं लिहीत नाही, मला ते धड सांगताही येणार नाही. पण काही क्षण सोडवत नाहीत. धुऊन झाल्यावर तुम्ही माझा हात प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोनेटवर फिरवायला लावलात. नुसत्या बोटांना गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून रव्यासारखा खरखरीत लागला. वर्षानुवर्षांची चिकटलेली धूळ. ती मऊ, मळलेल्या मातीसारख्या क्लेच्या गोळ्याने उचलेपर्यंत तुम्ही पॉलिशची बाटली उघडली नाहीत. मग धारांवर कागदी टेप लावलीत, कारण तिथे रंग आधीच पातळ बसलेला असतो आणि सगळ्यात आधी तिथलाच जातो. दुकानातल्यांना हे माहीत नव्हतं, की माहीत असून वेळ नव्हता?

पॉलिशचा पहिला हात फिरला आणि फोमचा तुकडा लालभडक झाला. मी घाबरून ओरडलेच, काका, रंग निघतोय! तुम्ही शांतपणे सांगितलंत की ह्या रंगावर नव्या गाड्यांसारखा पारदर्शक थर नाही, म्हणून फडक्याला रंग लागणारच. निघतो आहे तो वरचा मेलेला थर, जिवंत रंग खाली आहे. आणि लगेच हेही सांगितलंत की म्हणूनच हे वारंवार करायचं नाही, प्रत्येक वेळी थोडा रंग जातोच. वहीच्या पानाएवढा तुकडा घ्यायचा, सरळ रेषेत पुढे-मागे हात चालवायचा. आधी फोम अडखळतो, मग सरकायला लागतो, तो फरक तुम्ही माझ्या हाताखाली हात धरून मला जाणवू दिलात. हिरवा डाग त्या मेलेल्या थराबरोबरच गेला.

दरवाज्यावर बारीक ओरखड्यांचं जाळं होतं. मी म्हटलं, हे बाबांच्या धोतराच्या फडक्याने झालं असेल ना, कोरडंच पुसायचे. तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत. मग म्हणालात, "पुसली म्हणून तर आज पत्रा शाबूत आहे, बेटा. दुसरा असता तर गंजू दिली असती." चूक तुम्हाला दिसली होती. ती बाबांच्या माथी मारायचं तुम्ही टाळलंत.

तिसऱ्या सकाळी बोनेट आरशासारखं झालं आणि मला वाटलं, झालं, आता सीलंट, म्हणजे रंग जपणारा वरचा थर, लावायचं. तुम्ही कापडावर स्पिरिटचं पातळ पाणी घेऊन एक कोपरा पुसलात. इंजेक्शनच्या आधी येतो तो वास आला. पॉलिशमधलं तेल उतरलं, आणि त्या कोपऱ्यात दडलेल्या रेषा पुन्हा दिसायला लागल्या. माझ्या डोळ्यांना ते आधीच पुरेसं होतं. कुणीही सोडून दिलं असतं, मी तर हौसेने सोडू दिलं असतं. तुम्ही तो कोपरा पुन्हा केलात, पुन्हा पुसलात, पुन्हा पाहिलंत. तेव्हा मला दुकानाची खरी चूक समजली. त्यांनी तेलाने रेषा बुजवल्या आणि वरून थर चढवला. तेल उतरलं, खाली होतं ते वर आलं. सीलंट पारदर्शक असतं, जे आहे त्यालाच ते झाकण घालतं, आणि तेलावर ते धरतही नाही.

शेवटच्या धुण्याला बोरिंगचं पाणी नको म्हणालात, जड पाणी वाळलं की पांढरे ठिपके राहतात. आमच्या नळाला नर्मदेच्या पाण्याची पाळी दुसऱ्या दिवशी होती. तुम्ही काही न बोलता निघून गेलात आणि स्कूटरच्या पायाशी दोन कॅन ठेवून परत आलात. तुमच्या घरचं प्यायचं पाणी. काकूंनी त्या दिवशी काय केलं असेल, हे विचारायचं मला संध्याकाळपर्यंत सुचलं नाही, त्याबद्दल त्यांची क्षमा मागते.

सीलंट इतकं थोडं लागतं हे पाहून मला आश्चर्य वाटलं. अगदी पातळ पुसटसा हात, थोडा वेळ थांबणं, मग स्वच्छ मायक्रोफायबर. मी विचारलं, तीन वर्षं टिकेल ना? तुम्ही म्हणालात, "चार-सहा महिने. मग परत लाव. तीन वर्षं म्हणणारा खोटं बोलतो." धारेवरचा जळका पट्टा तुम्ही पहिल्याच सकाळी बारीक ब्रशने भरला होतात, तोही जवळून दिसतो हे तुम्ही मी विचारायच्या आधीच सांगून टाकलंत.

पैशांचं पाकीट पुढे केलं तेव्हा तुम्ही खिशातून चिठ्ठी काढलीत. क्ले, पॉलिश, टेप, कापडं, सगळ्याच्या किमती लिहिलेल्या. तेवढेच घेतलेत, सुटे परत दिलेत. मजुरीच्या जागी काहीच नव्हतं. मी हट्ट केला तर म्हणालात, रोज पोहे खाल्ले की.

इंदूरला स्वच्छतेचा पहिला नंबर 2017 पासून वर्षामागून वर्ष मिळत गेला, आपण सगळे तो अभिमानाने सांगतो. गेर संपल्यावर राजवाड्यासमोरचा गुलालाचा चिखल काही तासांत उचलणारी माणसं मी त्या दिवशी पाहिली होती. त्यांच्याकडे वर मान करून कुणी बघत नव्हतं, आणि तरी कोपऱ्यातला गुलालही ते खरवडून काढत होते. तुमचा तो बोनेटचा कोपरा बघताना मला ती माणसं आठवली. आपलं शहर अशा हातांवर उभं आहे. काचेची दुकानं नंतर आली.

शनिवारी आईला घेऊन खजराण्याला गेले. गाडीत बसण्याआधी आईने बोनेटवर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. रस्त्यात ती बाबांबद्दल बोलली, सव्वा वर्षात पहिल्यांदा, न रडता.

दसऱ्याला गाडीची पूजा आहे, तुम्ही आणि काकू दोघांनी यायचं आहे. सीलंटचा दुसरा हात मी त्याआधी स्वतः लावून ठेवीन, तुम्ही फक्त उन्हात उभं राहून तपासा. बाबा दर वर्षी बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचे. ते ह्या वर्षी मी काचेवर काढणार आहे. आणि झेंडूचा हार तारेने नाही, सुती दोऱ्याने बांधणार आहे.

तुमची,
पुढच्या गल्लीतली