दिल्लीचा पाऊस आणि आपला

जुळे सोलापूर,
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

अण्णा, कात्रण मिळालं. दिल्लीचा कृत्रिम पाऊस फसल्याच्या बातमीखाली तुम्ही निळ्या पेनानं लिहिलंय, 'मग आपल्या सोलापूरचंही खोटंच होतं का?' हे फोनवर सांगायला घेतलं की तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि आईला मध्ये उभं राहून ओरडावं लागतं. म्हणून पत्रच लिहिते. निवांत बसून वाचा.

आपला कृत्रिम पावसाचा प्रयोग खोटा नव्हता. दिल्लीत २८ ऑक्टोबरला आयआयटी कानपूरच्या लोकांनी विमानातून ढगांवर फवारणी केली, पण त्या दिवशी ढगांत ओलावाच जेमतेम १५ ते २० टक्के होता. ओल नसलेल्या रानात कितीही चांगलं बी टाकलं तरी उगवत नाही, हे मी तुम्हाला काय सांगायचं! कुठलीही फवारणी ढग तयार करत नाही. आहे त्या ढगाला ती थोडा हात देते, बस्स. शिवाय दिल्लीला हवेतला धूर खाली बसवायचा होता. पिकासाठी पाऊस हवा, हा तिथला प्रश्नच नव्हता.

सोलापूरचा प्रयोग पुण्याच्या आयआयटीएमनं, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेनं, २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात केला. तेव्हा आपल्या गावात पारावर लोक म्हणायचे की ही विमानं ढग पळवून लावतात. तुम्हीही काही दिवस त्या बोलण्यानं अस्वस्थ होता. खरं काय होतं ते ऐका. सह्याद्री ओलांडून येणारे ढग महाबळेश्वरला हजारो मिलिमीटर पाऊस देतात आणि आपल्यापर्यंत येईतो रिते होतात. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. जे ढग उरतात त्यांच्यात पाणी असतं, पण हवेतल्या बारीक धुळीमुळे त्याचे असंख्य चिमुकले थेंब होतात. ते इतके हलके असतात की खाली येतच नाहीत. विमान ढगाच्या तळाशी जाऊन कॅल्शियम क्लोराइडची नळकांडी पेटवतं. ते क्षाराचे कण ओल ओढून घेतात, त्यांच्याभोवती थोडे मोठे थेंब तयार होतात, हे मोठे थेंब खाली येताना लहानांना पोटात घेतात आणि पाऊस होतो. दोन विमानं होती. एक फवारणीचं आणि दुसरं ढगात काय चाललंय ते मोजायचं. खाली सोलापुरात रडार होतं.

यातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. त्यांनी २७६ ढग अभ्यासले, पण फवारणी सगळ्यांवर केली नाही. कुठल्या ढगाला द्यायचं आणि कुठला तसाच सोडायचा, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. दुष्काळी भागात समोर चांगला भरलेला ढग असताना तो मुद्दाम सोडून द्यायचा, याला किती संयम लागत असेल! पण सोडलेल्या ढगांशी तुलना केल्याशिवाय पाऊस फवारणीमुळे पडला की पडणारच होता, हे कळणार कसं? मी नववीच्या वर्गात हे सांगितलं तेव्हा एका मुलीनं विचारलं, "बाई, मग ज्यांच्या रानावरचा ढग सोडला त्यांचं काय?" प्रश्न अगदी रास्त होता. मी तिला म्हटलं, त्या सोडलेल्या ढगांमुळेच पुढच्या कुठल्याही शेतकऱ्याला कुणी खोटी आशा दाखवून लुबाडू शकणार नाही. मला हे उत्तर अजूनही पटतं.

निष्कर्ष २०२३ साली जाहीर झाला. फवारणी केलेल्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेला, १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस. म्हणजे जिथं १० मिलिमीटर पडला असता तिथं पावणेबारा. सगळं मिळून ८६.७ कोटी लिटर पाणी वाढलं, खर्च लिटरमागे १८ पैसे. आता हिशेब मांडा. दहा हजार लिटरच्या टँकरएवढं पाणी म्हणजे १,८०० रुपये. आणि ८६.७ कोटी लिटर ऐकायला प्रचंड वाटतं, पण एक टीएमसी (एक अब्ज घनफूट) म्हणजेच २,८३२ कोटी लिटर होतात आणि उजनी धरण भरलं की त्यात ११७ टीएमसी पाणी असतं. म्हणजे दोन पावसाळ्यांच्या मेहनतीनंतर मिळालेलं पाणी एका टीएमसीच्या तेहेतिसाव्या भागाएवढं. शास्त्रज्ञांनी आकडा फुगवला नाही, ढगच नसतील तर काही होणार नाही हेही लपवलं नाही. म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास आहे. ज्वारी पोटऱ्यात असताना एक सर जास्त मिळाली तर काय फरक पडतो, हे तुमच्यापेक्षा कोण जास्त जाणतं? पण दुष्काळ हटवायचं यंत्र म्हणून कुणी हे विकायला आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. आमच्या नळाला परवा चार दिवसांनी पाणी आलं, रात्री पिंप-बादल्या भरत बसले होते. त्यावरचा उपाय आकाशात नाही, तो जलवाहिनीत आणि वाटपात आहे.

२०२३ चा ऑगस्ट आठवतो का? २३ तारखेला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ उतरलं. आम्ही शाळेच्या हॉलमध्ये मुलांना घेऊन बसलो होतो. विक्रम उतरल्यावर मुलांनी जो कल्ला केला त्यानं माझे डोळे भरून आले. त्या रात्री फोनवर तुम्हीही आनंदात होता, आणि लगेच विचारलंत, "तिकडं आभाळ आलंय का?" तो ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी उजनी भरली नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली गेलं. चंद्रावर जाण्याऐवजी पाण्यावर खर्च करा, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. चांद्रयानाचा मला मनापासून अभिमान आहे, आणि उपग्रह नसते तर ढग कुठं आहेत हेही कळलं नसतं. पण सोडलेल्या ढगांची नोंद ठेवणाऱ्या माणसांचा अभिमानही आपल्याला तेवढाच वाटायला हवा, आणि तो फारसा कुणाच्या बोलण्यात येत नाही याचं मला वाईट वाटतं.

यंदा तर उलटंच झालं. सप्टेंबरात सीना नदीचं पाणी माढा-मोहोळकडच्या गावांत शिरलं, लांबोटीजवळ हायवे बंद पडला, आपल्या तुरीत पाणी साचलं आणि ज्वारीच्या रानाला पेरणीजोगा वाफसा यायला दिवाळी उजाडली. म्हणून मला आता असं वाटायला लागलंय की पाऊस पाडण्यापेक्षा पाऊस वेळेवर कळणं ही आपल्या माणसांसाठी फार मोठी गोष्ट आहे. गेल्या मे महिन्यात पुण्याच्या त्याच संस्थेनं बनवलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली. 'अर्क' नावाच्या महासंगणकावर ती चालते. पूर्वी देशाचा नकाशा १२ किलोमीटरच्या चौकटींत कापून अंदाज काढायचे, आता ६ किलोमीटरच्या. म्हणजे १४४ चौरस किलोमीटरला एक अंदाज होता, तिथं आता ३६ ला एक. ही बातमी आतल्या पानावर एवढीशी आली होती. माझ्या हातात असतं तर मी ती पहिल्या पानावर घेतली असती.

तरी ६ किलोमीटरही आपल्याला पुरत नाहीत. ओढ्याच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे कोरडं, हे आपण लहानपणापासून बघतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला तरच अतिवृष्टी धरतात, आणि मंडळाचं हवामान केंद्र उभं आहे दुसऱ्याच गावात. तिथं कमी पडला तर आपलं नुकसान कागदावर दिसतच नाही. केंद्र सरकारच्या 'विंड्स' योजनेत ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापक न्यायचं ठरलंय. ते आपल्या गावात कधी आणि कुठं बसणार, हे ग्रामसभेत नक्की विचारा. शाळेच्या मोकळ्या मैदानात बसवायला सांगा, झाडाखाली किंवा छपराला लागून नको.

आणि अण्णा, तुमची पावसाची वही. नक्षत्राचा एक रकाना, तुमच्या पर्जन्यमापकातल्या मिलिमीटरचा दुसरा, आणि कडेला 'हत्तीचा पाऊस जोरात', 'वाफसा नाही', 'पेरा झाला' असे शेरे. माझ्या लेखी हे अस्सल विज्ञान आहे. मला ती मुलांना दाखवायची आहे, आणि मंडळाच्या आकड्यांशी ताडून एक आलेखही काढून घ्यायचा आहे. मूळ वही देऊ नका, मंगळवेढ्यात झेरॉक्स काढून पुढच्या सोमवारी सोलापूरला येणाऱ्या कुणाजवळ तरी द्या. निळी शाई फिकी पडली असेल तर झेरॉक्सवाल्याला गडद काढायला सांगा.

आई, आता तुझं काम. अण्णांच्या मोबाइलवर 'दामिनी' ॲप घालून घे, शेजारचा मुलगा करून देईल. लोकेशन चालू ठेवायचं. आसपास २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडत असली की ते सांगतं. हेही त्याच पुण्याच्या संस्थेचं आहे आणि फुकट आहे. देशात वर्षाला अडीच हजारांहून जास्त माणसं विजेनं जातात, त्यांत रानात काम करणारे खूप. इशारा आला की अण्णांनी लिंबाखाली थांबायचं नाही, सरळ घरी यायचं. 'एवढं काम उरकून येतो' हे ऐकून घेऊ नकोस.

तुझ्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील. वहीचं घेऊन जो येईल त्याच्याजवळ दोन महिन्यांच्या देते. हुरडा धरला की कळव, मुलांच्या परीक्षा बघून येईन.

तुमची,
मनीषा