पन्नास वर्षं आणि साठ दिवस

नेरूळ

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मी मध्येच ठेवला. मृण्मयी उठून आत गेली तेही दिसलं. भांडायचं म्हणून फोन केला नव्हता, आणि चिऊसमोर तर मुळीच नाही. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या नव्या लॉजमध्ये पन्नास वर्षांचा हक्क विकत घ्यायचा, दरवर्षी पॉइंट मिळतील आणि त्या पॉइंटांवर खोली घेऊन राहायचं, म्हणून तू उत्साहाने नकाशा दाखवत होतास, माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट घोळत होती, ती वाकडीतिकडी बाहेर पडली. फोनवर मला धड मांडता येत नाही, त्यात बाबा मागून सूचना करत असतात. म्हणून लिहिते आहे. मृण्मयीलाही वाचायला दे.

तू पाठवलेले कागद वाचले. मोबाइलवर दस्त वाचणं मला जमत नाही, म्हणून खालच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली. नव्या लॉजचे कागद अजून निघालेलेच नाहीत, म्हणून तू रिव्हिएराचे, डिस्नेच्याच आधीच्या एका रिसॉर्टचे पाठवलेस, नमुना म्हणून. सगळी नोकरी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गेली माझी. कुठलाही भाडेपट्टा हातात आला की मी आधी मुदत कधी संपते ते बघते, मग दरसाल काय भरायचं ते, आणि भरलं नाही तर काय ते. बाकीची पानं त्यानंतर. रिव्हिएराची मुदत ३१ जानेवारी २०७०. त्यांच्याच फोर्ट विल्डरनेसच्या केबिन्सची २०७५ म्हणालास. म्हणजे नव्या लॉजची त्याच्याही पुढे जाईल असं तू धरतोयस. २०७५ साली तू अठ्ठ्याऐंशी वर्षांचा असशील रे.

जागा सुंदर आहे, यात वाद नाही. बे लेकच्या काठी, १९७६ साली सुरू झालेला तो रिव्हर कंट्री वॉटर पार्क २००१ ला बंद पडला तो पडलाच, आणि त्याच जमिनीवर आता लेकशोर लॉज. २०१८ मध्ये वेगळ्या नावाने जाहीर झालं, २०२२ ला उघडणार होतं, कोविडमध्ये काम थांबलं, आणि आता २०२७ म्हणतात. एवढं पक्कं. पुढचे सगळे तुझे आणि तुझ्या मित्रांचे अंदाज. पॉइंटचा भाव काय निघेल, त्यांच्या पॉलिनेशियन रिसॉर्टच्या नव्या टॉवरसारखं हक्कदारांच्या जुन्याच संघात घालतील की वेगळा संघ काढतील, मॅजिक किंगडम पार्कला बोट किती वेळात जाईल. लहानपणी तू मध्य रेल्वेचं टाइमटेबल घेऊन बसायचास आणि कोणती गाडी कुठे क्रॉस होईल ते सांगायचास, अगदी तसाच दिसत होतास. तुझा तो पॉइंटांचा तक्ता, यंदाचे उरलेले पुढच्या वर्षात कसे टाकायचे, पुढच्या वर्षीचे आधी कसे उचलायचे, तो मी बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळा पाहिला आणि म्हणाले, पोराने हिशेब चोख मांडलाय. माझंही तेच मत आहे. त्या तक्त्यात एक रकाना नाही, एवढंच मला सांगायचं होतं.

तुझा व्हिसा तीन-तीन वर्षांनी वाढतो. उद्या नोकरी गेली तर साठ दिवस. साठ दिवसांत दुसरी कंपनी मिळाली तर ठीक, नाहीतर सामान आवरायचं. हे तूच मला समजावून सांगितलंस, तुझ्या टीममधल्या त्या हैदराबादच्या मुलाला काढलं तेव्हा. त्याची बायको सातव्या महिन्यात होती. तुझ्या ग्रीन कार्डची रांग तुझ्या तारखेपर्यंत कधी येईल ते तुझ्या वकिलालाही सांगता येत नाही. आणि असा माणूस पन्नास वर्षांच्या दस्तावर सही करणार?

पुन्हा त्याच सुरात लिहिलं गेलं. राग मानू नकोस.

पण हे बघ, विकत घेताना कोणी तुझा व्हिसा विचारणार नाही. परदेशी माणसालाही ते विकतात. नडतं ते नंतर. समजा तुम्ही परत आलात. जागेवरचा हक्क तुझा, दरवर्षीचं देखभालीचं शुल्क तुझ्या नावावर, ते इथल्या पगारातून, डॉलरच्या तेव्हाच्या भावाने भरायचं. आणि त्या खोलीत चार दिवस राहायला जायचं तर आधी टुरिस्ट व्हिसा काढायचा, चौघांनी... तिघांनी म्हणायचं होतं. (मी आपली मोजताना चौघंच मोजते.) शुल्क थकलं तर बोजा चढतो, पुढे जप्तीपर्यंत जातं. हे कागदात आहे, मी पेन्सिलने खूण केली आहे.

आमच्या नेरूळच्या घराखालची जमीनही सिडकोच्या साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचीच, त्यामुळे मुदतीच्या जागेला मी नाक मुरडते असं समजू नकोस. पण त्या घरात आपण वर्षाचे बारा महिने राहिलो. बाबांची कंपनी बंद पडली तेव्हाही डोक्यावर छप्पर होतं.

ते दिवस तुला किती आठवतात कोण जाणे. तू तिसरीत होतास. एस्सेलवर्ल्डला गेलो होतो आपण, बोरिवलीहून गोराईची बोट पकडून. माईआत्या आणि तिची दोघंही होती. बोटीत तू माझा पदर सोडला नाहीस आणि काठावर उतरल्याबरोबर सगळ्यांच्या पुढे पळालास. एका मोठ्या पाळण्यापाशी उंची मोजायची फळी होती. तू टाचा उचलून उभा राहिलास, डोकं ताणून, ओठ मिटून. त्या माणसाने तुझ्या खांद्यावर हात ठेवून अलगद खाली दाबलं. बोटभर कमी पडलास. रडला नाहीस. बाहेर येऊन म्हणालास, पुढच्या वर्षी बसेन. माईआत्याची दोघं वरून हात हलवत होती आणि तू खालून त्यांना हात करत होतास.

दिवाळीनंतर ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या त्या कारखान्याला टाळं लागलं. बाबा रोज सकाळी डबा घेऊन गेटवर जाऊन बसायचे, युनियनवाले आज उघडेल, उद्या उघडेल म्हणायचे. माझ्या एकटीच्या पगारात घराचा हप्ता, तुझी फी, आजीचं औषध. हप्त्याची तारीख बाबांच्या पगारासाठी थांबली नाही. माझ्या बांगड्या तेव्हाच गेल्या, तुला वाटतं तशा मोडून नव्या केल्या नव्हत्या. पुढच्या वर्षी गोराईला गेलो नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आणि तू एकदाही विचारलं नाहीस.

म्हणून मला कळतं, अमेय. चिऊ चाळीस इंचांची झाली, डिस्नेच्या टियानाच्या त्या पाण्याच्या राइडमध्ये बसली, तेव्हा तू पाठवलेला व्हिडिओ मी किती वेळा पाहिला. ती ओरडत होती आणि तुझा चेहरा बघण्यासारखा होता. तुला तिला ‘पुढच्या वर्षी’ म्हणायचंच नाहीये. दरवर्षीचं ठरून गेलेलं असावं, कोणी अडवू नये, असं वाटतं ना तुला? बाबांनाही तुझ्यासाठी हेच हवं होतं.

पण दरवर्षीचं ठरतं ते शुल्क. खोली मिळणं तुमच्या हातात कुठे असतं? आपल्या रिसॉर्टचं बुकिंग अकरा महिने आधी उघडतं, दुसरीकडचं सात महिने आधी, आणि ख्रिसमसच्या आठवड्यासाठी लोक पहाटे उठून बसतात, हे तूच सांगितलंस. अण्णांचं बघ. मॉलमध्ये लकी ड्रॉचं कूपन भरलं, हॉटेलात नवराबायकोला जेवायला बोलावलं, आणि जेवणाबरोबर पंचवीस वर्षांच्या सभासदत्वाचा चेक घेऊन पाठवलं. मे महिन्यात त्यांना हवं तिथे कधी मिळालं नाही, मिळालं तेव्हा विनीताची परीक्षा. शुल्क मात्र वेळच्या वेळी वाढत गेलं. तू म्हणशील, ती कंपनी वेगळी आणि ही वेगळी. कबूल. डिस्नेचं १९९१ पासून चाललंय, ओल्ड की वेस्ट या पहिल्या रिसॉर्टपासून, लोकं खूश आहेत, मान्य. पण तिथल्या पहिल्या लोकांची मुदतही २०४२ ला संपते, आणि शेवटच्या वर्षापर्यंत शुल्क चुकत नाही.

वादळांचंही मनात येतं. डिस्नेच्या व्हेरो बीचच्या रिसॉर्टचं शुल्क समुद्रकाठामुळे इतकं चढं, असं तुझ्याच कागदांच्या समासात तू लिहिलं आहेस. बे लेक समुद्रापासून आत आहे, ठीक. पण मिल्टन वादळ आलं त्या रात्री, २०२४ च्या ऑक्टोबरात, तुम्ही टँपा सोडून अटलांटाच्या रस्त्याला होतात, गाड्यांची रांग हलत नव्हती, आणि मृण्मयीने मला दर तासाला मेसेज केला. तू गाडी चालवत होतास म्हणून तिने. पोरगी गुणाची आहे, रविवारी मी तिचं मन दुखावलं, तिला मी स्वतः फोन करणार आहे. सांगायचं हे की तेव्हा तुमच्याकडे एक गाडी, दोन बॅगा आणि पासपोर्टची फाइल होती, आणि निघायला तुम्हाला अर्धा तास पुरला. मला त्याचं किती बरं वाटलं होतं. साठ दिवसांत निघायची वेळ आली तरी असंच निघता यावं.

बघ, फिरून तिथेच आले. फोनवर साठ दिवसांचं नाव काढायचं नाही असं बाबांनी बजावलं होतं, ते कागदावर काढते आहे.

तू म्हणालास, नको झालं तर विकू. विकता येतं, हे खरं. पण नियम नीट बघ. १९ जानेवारी २०१९ नंतर दुसऱ्याकडून रिव्हिएरा घेणाऱ्याला ते पॉइंट फक्त रिव्हिएरातच वापरता येतात. नव्या लॉजला तोच नियम लागला तर तुझ्याकडून घेणारा माणूसही तेवढीच किंमत देईल जेवढं त्याला वापरता येईल. शिवाय तू ठरवलेल्या भावाला पहिला हक्क कंपनीचा, त्यांनी नको म्हटल्यावर मग तुझा गिऱ्हाईक. साठ दिवसांत घर आवरायचं, चिऊची शाळा बघायची, की हे विकत बसायचं?

त्यापेक्षा एक कर. ज्यांच्याकडे पॉइंट आहेत ती माणसं वर्षाचे न वापरलेले पॉइंट भाड्याने देतात, तसे घे. लॉज उघडू दे, एकदा भाड्याने राहून या, तळ्याकडची खोली खरंच तळ्याकडची आहे का बघा. तोवर भाव कळेल, मुदत कळेल, पुनर्विक्रीचा नियम कळेल. आज तुम्ही सगळे अंदाजावर बोलताय, आणि अंदाजावर मी कधी कोणाला सही करू दिली नाही. काउंटरपलीकडच्या अनोळखी माणसालाही म्हणायचे, काका, परिशिष्ट वाचलंत का?

आणि माझं न ऐकता घेतलंच, तर फ्लोरिडाच्या कायद्यात दहा दिवस असतात रद्द करायला, सही केल्यापासून किंवा शेवटचा कागद हाती पडल्यापासून, जे नंतर असेल ते. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव आणि त्या दहा दिवसांत सगळा दस्त मला पाठव. सेल्सवाल्या बाईंशी बोलण्याआधी व्हिसाच्या वकिलाशी बोल. कर्जावर तर घेऊच नकोस. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे का ते मी विचारणार नव्हते, पण आहे का?

तू आमच्यापेक्षा जास्त कमावतोस, जास्त समजतोस. इथे सोसायटीत कोणी विचारलं की मुलगा काय करतो, तर बाबा सांगतात ते मला दाराआडून ऐकू येतं. तुला आम्ही कमी समजतो असं मनात आणू नकोस. मला पैसा जाईल याची भीती नाही, पैसा मिळवशील तू. तुझ्या पायात काही अडकू नये, जायची वेळ आली तर मोकळेपणी निघता यावं, आणि राहायची वेळ आली तर मोकळेपणी राहता यावं, एवढीच इच्छा आहे.

बाबांचा गुडघा बरा आहे. सकाळी सीवूड्सपर्यंत चालून येतात. विहिरीकडच्या जागेचं रवीदादाने पुन्हा काढलं आहे, पण ते तू आलास की बोलू.

चिऊला पापा. मृण्मयीला आशीर्वाद.

तुझी,
आई

ता.क. जानेवारीत आम्ही यायचं नक्की असेल आणि तुझ्या मनात भाड्याच्या पॉइंटांवर आम्हालाही डिस्नेच्या एखाद्या रिसॉर्टला न्यायचं असेल, तर सात महिन्यांच्या हिशेबाने जूनमध्येच ठरवावं लागेल. बाबांना तळमजल्याची खोली बघ. पासपोर्ट माझा चालू आहे, त्यांचा नव्याने करायला टाकते.