सिम्युलेशनमधला एरर पुसू नका, वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रोजेक्ट जमा करायचे दिवस आले की कोल्हापुरातल्या पदविका-अभियांत्रिकीच्या मुलांची एक तक्रार हमखास कानावर येते, 'सर्किट बरोबर आहे, पण सिम्युलेशन (सर्किट संगणकावर चालवून पाहणे) रन होत नाही.' त्यावर लॅबमध्ये बहुधा सांगितले जाते की सॉफ्टवेअर काढून परत टाक, नाहीतर दुसऱ्याची फाइल घे. या सल्ल्याने मुलांचे नुकसान होते, म्हणून हे पत्र.

सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर एलटीस्पाइस असो, एनजीस्पाइस किंवा आयआयटी मुंबईचे मोफत ईसिम, सगळ्यांचे मूळ १९७० च्या दशकात बर्कली विद्यापीठात तयार झालेल्या 'स्पाइस'मध्ये आहे. त्यामुळे एरर थोड्याफार फरकाने तेच येतात आणि त्यांची कारणेही ठरलेली असतात.

नेहमीचा १२ व्होल्टचा पॉवर सप्लाय घ्या. ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज, १००० मायक्रोफॅरड कपॅसिटर, १०० ओहमचा लोड. मुले आउटपुटच्या निगेटिव्हला ग्राउंड (शून्य व्होल्टचा बिंदू) देतात, ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, म्हणजे २३० व्होल्टकडची गुंडाळी, मात्र तशीच सोडतात. प्रत्यक्षात त्याने काही अडत नाही, पण सिम्युलेटर प्रत्येक नोडचे (जोडबिंदूचे) व्होल्टेज ग्राउंडच्या तुलनेत काढतो. प्रायमरीचा ग्राउंडशी कुठेच संबंध नसेल तर गणिताला उत्तर उरत नाही आणि 'सिंग्युलर मॅट्रिक्स' येते. उपाय सोपा आहे. प्रायमरीचे एक टोक ग्राउंडला जोडा आणि सोर्सच्या सिरीजला १ ओहम टाका. पण 'सगळीकडे ग्राउंड द्या' एवढेच ऐकून सेकंडरीच्या (१२ व्होल्टकडच्या गुंडाळीच्या) टोकालाही ग्राउंड दिला, की ब्रिजमधला खालचा एक डायोड शॉर्ट होतो आणि अर्ध्या सायकलमध्ये दुसऱ्या खालच्या डायोडमधून सेकंडरी थेट शॉर्ट होते. या वेळी एरर येत नाही, फक्त डायोडचा करंट अफाट दिसतो. तो ग्राफ उघडून पाहणारे थोडेच.

याच सर्किटमध्ये आकड्यांच्या चुकाही होतात. साइन सोर्सला पीक व्होल्टेज द्यायचे असते. २३० व्होल्ट हे आरएमएस (एक प्रकारची सरासरी), म्हणून तिथे ३२५ लिहावे लागते. ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांच्या इंडक्टन्सचे प्रमाण फेऱ्यांच्या प्रमाणाच्या वर्गाइतके असते. २३० ला १२ म्हणजे सुमारे १९, त्याचा वर्ग सुमारे ३६७. प्रायमरी १० हेन्री धरली तर सेकंडरी सुमारे २७ मिलिहेन्री येते. हे जमले की आउटपुटचे पीक साडेपंधरा व्होल्टच्या आसपास आणि रिपल (उरलेला चढउतार) दीडेक व्होल्ट दिसले पाहिजे. फार वेगळे आले तर आधी एककं तपासा. स्पाइसमध्ये 'एम' म्हणजे मिली, कॅपिटल लिहिला तरी मिलीच. मेगासाठी 'मेग' लिहावे लागते. कपॅसिटरपुढे नुसता 'एफ' टाकला तर तो फॅरड न धरता फेम्टो धरला जातो.

सगळ्यात जास्त गैरसमज 'टाइम स्टेप टू स्मॉल' (गणितातले वेळेचे पाऊल फार लहान झाले) या एररबद्दल आहे. आपल्याकडे शेतीपंपाच्या ऑटो स्टार्टरचे प्रोजेक्ट पुष्कळ होतात. त्यात बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरवर १२ व्होल्टचा रिले (कॉइलने चालणारा स्विच) असतो आणि कॉइलला उलटा डायोड लावायचा राहून जातो. ट्रान्झिस्टर बंद होताक्षणी कॉइलचा करंट अडतो आणि कलेक्टरचे व्होल्टेज उसळते. खरा बीसी ५४७ ४५ व्होल्टपर्यंतचा. सिम्युलेशनमधल्या त्याच्या मॉडेलमध्ये मात्र सहसा ब्रेकडाउन नसतो, त्यामुळे आकडा हजारो व्होल्टवर जातो किंवा गणित मध्येच अडकते. इथे इंटरनेटवर वाचून 'रेलटॉल' (गणितात किती चूक चालेल ते) ०.००१ वरून ०.१ केला की एरर जाऊही शकतो, पण चूक तशीच बोर्डावर उतरते आणि ट्रान्झिस्टर उडतो. कॉइलला उलटा १एन४००७ डायोड लावा. डायोड असूनही एरर आला, तर पल्सच्या राइज आणि फॉल टाइमला शून्याऐवजी १ मायक्रोसेकंद देऊन बघा.

ऑसिलेटर (स्वतःहून लहरी तयार करणारे सर्किट) सुरू न होणे हा त्यामानाने किरकोळ प्रश्न. सप्लाय शून्यापासून चढवत दिला की तो बहुतेक वेळा सुटतो.

महाविद्यालयांना विनंती अशी की जर्नलमध्ये बरोबर आलेल्या ग्राफच्या प्रिंटबरोबर आलेला एरर, त्याचे कारण आणि केलेला बदल लिहायला लावावा आणि त्यालाही गुण द्यावेत. एखाद्या प्रॅक्टिकलला मुद्दाम बिघडवलेली फाइल द्यावी. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कंट्रोल पॅनेल बंद पडल्यावर या मुलांना हेच काम करायचे आहे.

आपला नम्र,
इलेक्ट्रॉनिक्सचा एक शिक्षक,
राजारामपुरी, कोल्हापूर